केसला किती गुण?

शनिवार, १३ जानेवारी २०२४, एडिसन, न्यू जर्सी

उन्हाळ्यात ग्रेडिंगला, म्हणजे तपासून, आकडा देऊन प्लास्टिकच्या केसमध्ये बंद करायला पाठवलेली कॉमिक्स आज परत आली. हिनं खोकं दारातून आत घेतलं आणि लगेच कात्री पुढं केली. मी म्हटलं, आज नाही. खोकं दिवसभर गारठलेल्या ट्रकमध्ये फिरलंय. थंड प्लास्टिक घरातल्या उबेत एकदम उघडलं की त्याच्यावर दव धरतं, आणि कागदाच्या शेजारी मला पाण्याचा एक थेंब नको. खोकं तसंच जिन्याखाली ठेवलं, रात्रभर घराच्या तापमानाला येऊ दे.

ही म्हणाली, "तुमच्या या पुस्तकांचं सोवळं माझ्या देवांपेक्षा कडक आहे."

रविवार, १४ जानेवारी

सकाळी चहा झाल्यावर उघडलं. सगळ्यात वर 'इन्क्रेडिबल हल्क'चा १८१ वा अंक. नोव्हेंबर १९७४, छापील किंमत २५ सेंट. १८० व्या अंकाच्या अगदी शेवटी वुल्वरिन नुसता तोंड दाखवून जातो, पुरता अवतरतो तो या अंकात, म्हणून एवढी मागणी. आत मार्व्हलचं एक छोटं कुपन छापलेलं असतं. त्या काळी पोरं ते कापून अल्बमात चिकटवायची, त्यामुळे बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या कितीतरी प्रती आतून भोक पडलेल्या निघतात. ग्रेड करणारा हे पान उघडून बघतो. एकदा केस बंद झाली की विकत घेणाऱ्याला ते बघता येत नाही, त्यानं लेबलावर विश्वास ठेवायचा. पैसे जातात ते या विश्वासाचे.

माझ्या प्रतीला ८.० मिळाले. ०.५ पासून १० पर्यंतच्या मापात ठीक आहे. कण्यावर दोन बारीक रेघा आहेत, कोपरा किंचित मऊ झालाय. त्यांनी बरोबर पकडलंय, माझी तक्रार नाही.

तक्रार केसची आहे. खिडकीशी तिरपी धरली तर हल्कच्या हिरव्या खांद्यावर इंद्रधनुषी कडी. पाण्यावर तेल सांडावं तशी, एकात एक. खालच्या डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकची बर राहिलेली, बोटाला लागते. आतल्या बाजूनं एक ओरखडा, म्हणजे तो पोस्टात पडलेला नाही, जोडण्याआधीचाच आहे. आणि लेबलाच्या खिडकीत एक बारीक तंतू.

उमेदवारीपासून भोसरीच्या एका मोल्डिंग शॉपमध्ये क्यूसीला, म्हणजे मालाच्या तपासणीला होतो, इथं आल्यावर औषधांच्या पॅकिंगमध्ये. प्लास्टिकचा भाग हातात आला की डोळा आपोआप आधी गेट शोधतो, म्हणजे प्लास्टिक साच्यात शिरतं ती जागा, मग कडा, मग सिंक मार्क, म्हणजे पृष्ठभागावरचे खळगे. हा माल माझ्या टेबलावर आला असता तर लाल खोक्यात गेला असता. निदान रिवर्कला तरी.

उरलेल्या केसही तपासल्या. एका जाड अंकाच्या केसला मधोमध पोट आलंय. एकीत अंक सरळ बसलेलाच नाही, आत तिरपा झालाय. दोन केस निर्दोष आहेत, हे नोंदवायला हवं. म्हणजे यांना चांगली केस बनवता येते.

सोमवार, १५ जानेवारी

संक्रांत. आईचा सांगलीहून फोन. तिळगूळ, तब्येत, पाहुणे झाल्यावर विचारलं, "आली का रे तुझी पुस्तकं?" सांगितलं, आली, कायमची प्लास्टिकमध्ये बंद होऊन.

"मग वाचणार कशी?"

"वाचायची नाहीत, आई."

"मग घेतलीस कशाला?"

यावर आजवर मला उत्तर सापडलेलं नाही. विषय बदलला.

शनिवार, २० जानेवारी

या महिन्यात संग्राहकांमध्ये दुसरा विषय नाही. कुणीतरी सीलबंद केसमधल्या चांगल्या प्रती काढून तिथं हलक्या प्रती घातल्या आणि लेबल तेच ठेवलं. मग त्याच केस नुसतं बाहेरचं आवरण बदलून मागायला कंपनीकडेच पाठवल्या. आवरण बदलताना ग्रेड नव्यानं लावत नाहीत, त्यामुळे हलकी प्रत नव्या कोऱ्या केसमध्ये, जुन्या मोठ्या आकड्यासह, कंपनीच्याच हातून बाहेर पडली. चोर हुशार खराच. पण मला जास्त खटकतं ते हे, की उघडून पुन्हा मिटवलेली केस ओळखू आली नाही.

औषधाच्या बाटलीच्या झाकणाला खाली कडी असते, पहिल्यांदा फिरवलं की तुटते आणि पुन्हा जुळत नाही. ही साधी गोष्ट गावातल्या मेडिकलवाल्यालाही माहीत असते. हजारो डॉलर्सच्या वस्तूच्या केसला तेवढी तरी अक्कल हवी.

हा धंदा मुळात नाण्यांचा. १९८० च्या दशकात अमेरिकेत नाणी तपासून, आकडा देऊन, प्लास्टिकमध्ये बंद करणाऱ्या कंपन्या निघाल्या. कॉमिक्समध्ये तो २००० साली सीजीसीनं आणला. नाणं घट्ट धरलं की झालं, ते वाकत नाही, श्वास घेत नाही. कॉमिक म्हणजे मधोमध दोन पिना मारलेला न्यूजप्रिंटचा गठ्ठा. दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो, लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनमुळे आणि आम्लामुळे पिवळा पडत जातो, आणि पिना गंजतात त्या वेगळ्याच. नाण्याच्या डबीची कल्पना मोठी करून कॉमिकला घातली की अडचणी येणारच. घट्ट केली तर अंक चेपतो, सैल केली तर हलतो.

तरी हे प्रकरण सुरू होण्याआधीचा जमाना मला नको. तेव्हा विकणारा म्हणेल ती प्रत 'मिंट' असायची. पुसट झालेली शाई रंगवून, फाटलेला कोपरा नव्या कागदानं जोडून प्रती खपायच्या. अशा डागडुजीला आता वेगळ्या रंगाचं लेबल लागतं. ग्रेडिंग आल्यानं फसवणूक कमी झाली यात शंका नाही. म्हणून तर केस नीट हवी, सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे.

शनिवार, २७ जानेवारी

दिवसभर घरीच. पुन्हा ती कडी घेऊन बसलो.

महाराष्ट्रात बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलेल्या कुणालाही ही कडी दाखवा, क्षणात ओळखेल. अंधाऱ्या खोलीत सोडियमचा पिवळा दिवा, काचेवर ठेवलेलं एका बाजूनं फुगीर भिंग, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप, आणि डोळा चुरचुरेपर्यंत एकेका कड्याचा व्यास मोजायचा. न्यूटन्स रिंग्ज. भिंगाची वक्रता-त्रिज्या काढायची म्हणून जर्नलमध्ये पाच पानं. आमचे डेमॉन्स्ट्रेटर ओरडायचे, स्क्रू एकाच दिशेनं फिरवा, बॅकलॅश येतो.

तेच इथं घडतंय, फक्त फुकटात आणि नको तिथं. अंक आत एका पातळ पारदर्शक पाकिटात असतो, ते पाकीट बाहेरच्या कडक केसला टेकतं. दोघांमध्ये हवेचा अतिशय पातळ थर राहतो. काही ठिकाणी तो प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापाचा होतो, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी. वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेले दोन तरंग एकमेकांत मिसळतात, काही रंग उजळतात, काही मावळतात. थराची जाडी जागोजाग बदलते, त्यामुळे कडी होतात. बोटानं दाबलं की ती सरकतात. ओरखडा सरकत नाही, ओळखायची खूण हीच.

हे रंग आधी रॉबर्ट हूकनं नोंदले, १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया'त. न्यूटननं त्यांची नीट मोजमापं घेतली आणि १७०४ च्या 'ऑप्टिक्स'मध्ये मांडली, नाव त्याचं लागलं. त्यातली गंमत अशी की न्यूटन प्रकाशाला कण मानणारा, आणि त्याच्याच नावाची कडी प्रकाश तरंग असल्याची साक्ष देतात. थॉमस यंगनं ती उकल एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केली. बिचाऱ्या हूकच्या वाट्याला काहीच आलं नाही.

इलाज नवा शोधायचा नाही. फोटोच्या धंद्यातली जुनी माणसं हे रोज भोगायची. स्लाइड काचेत बसवली की पडद्यावर कडी उमटायची, म्हणून खास काच यायची, एका बाजूला डोळ्यांना न दिसेल इतकी खरखरीत. त्यानं दोन पृष्ठभाग सपाट चिकटतच नाहीत. दुसरा उपाय म्हणजे पाकीट आणि केस यांच्यात कडेनं पुरेसं अंतर ठेवायचं. पहिल्यात चित्र किंचित धूसर होण्याची भीती, दुसऱ्यात पाकीट हलण्याची. साच्यात कुठं किती सोडायचं हा अभियंत्याच्या निर्णयाचा प्रश्न आहे, नशिबाचा नाही. २०१६ च्या सुमारास नव्या घाटाच्या केस आल्या तेव्हा संग्राहकांनी कड्यांवरून एवढा गिल्ला केला की रचना पुन्हा बदलावी लागली. म्हणजे ओरडल्यावर जमतं.

एक खरं सांगायला हवं: या कड्यांनी कागदाला काडीचाही धोका नाही. दोष फक्त दिसण्याचा. पण ही वस्तू विकत घेणारा तरी दुसरं काय करतो? बघतोच ना?

शनिवार, ३ फेब्रुवारी

केसबद्दलच्या माझ्या तक्रारीला ग्रेडिंग कंपनीचं उत्तर आलं. नाव इथंही लिहीत नाही, तक्रार चालू आहे. मजकूर नम्र आहे. बारीक खुणा उत्पादनात अपेक्षित धरलेल्या असतात, तरी हल्क परत पाठवलात तर केस बदलून देऊ.

मी उलट एकच विचारलं: तुमचं लिमिट सॅम्पल कुठाय? आमच्या भोसरीच्या शॉपमध्ये, जिथं तेव्हा धड पंखाही नव्हता, इन्स्पेक्शनच्या टेबलामागे एक बोर्ड टांगलेला असायचा. त्यावर खरे तुकडे चिकटवलेले: इतका ओरखडा चालेल, याच्यापुढचा नाही, खाली मॅनेजरची आणि गिऱ्हाइकाची सही. भांडण झालं की बोर्डापाशी जायचं. प्रतीच्या कण्यावरच्या प्रत्येक रेघेचा हिशेब ठेवणाऱ्यांनी केसवरच्या ओरखड्याला 'अपेक्षित' म्हणावं, हे मला पटत नाही.

सोमवार, १९ फेब्रुवारी

प्रेसिडेंट्स डेची सुटी. हल्क पाठवून दिला आणि परतताना कॉमिक्सच्या दुकानात गेलो. मालक जुना माणूस, डोक्यावर कायम बेसबॉलची टोपी. माझी कड्यांची कथा ऐकून हसला. म्हणाला, रंग दिसतात म्हणून कशाला रडतोस, हे बघ. एक केस उचलून कानाशी हळूच हलवली. आत अंक सरकल्याचा आवाज.

हा खरा रोग. संग्राहक त्याला 'शेकन कॉमिक सिंड्रोम' म्हणतात. पाकीट सैल असलं की ट्रकच्या प्रत्येक हिसक्याला अंक आत आपटतो. मार नेहमी खालच्या कोपऱ्यांवर आणि कण्याच्या टोकांवर. मुखपृष्ठ पिनेपाशी ताणलं जातं, आणि एखाद्या प्रतीचं पिनेपाशी फाटतं. बाहेरून सील शाबूत, लेबलावर ९.८, आणि आत प्रत आता त्या आकड्याची राहिलेली नाही. असा अंक विकत घेणारा आकड्याचे पैसे देतो. विकणाऱ्यानं काही लपवलेलं नसतं, आणि कंपनी म्हणू शकते की आमच्याकडून निघाला तेव्हा ठीक होता. अपराधी सापडत नाही आणि नुकसान मात्र झालेलं असतं.

नेहमीचा अंक ३२ पानं आणि मुखपृष्ठ. १९७५ चा 'जायंट-साइज एक्स-मेन'चा पहिला अंक त्याच्या जवळपास दुप्पट जाड. शिवाय चाळीसच्या दशकातले अंक आडवे रुंद. जाडीच्या दोन-तीन पायऱ्यांच्या पाकिटांत हे सगळं बसवायचं म्हटल्यावर कुणीतरी मधल्यामध्ये सैल राहणारच. ब्लिस्टर पॅकमध्ये गोळीच्या मापाचा खळगा करतात तसा प्रत्येक अंकाला करणं परवडायचं नाही, हे मलाही कळतं. पण जाडी मोजून पाकीट निवडणं आणि बंद केल्यावर एकदा कानाशी हलवून बघणं, एवढ्याला खर्च किती?

निघताना मालकानं तडा गेलेली एक रिकामी केस दिली. "घे, तुला खेळायला." त्याच्या लेखी मी वेडा ठरलो असणार.

रविवार, १० मार्च

आज घड्याळं पुढं. एक तास गेला, तरी दुकानातली ती रिकामी केस सुटी करायला वेळ काढला.

बाहेरचे दोन अर्धे अल्ट्रासॉनिक वेल्डिंगनं जोडलेले. हॉर्नचा, म्हणजे कंप देणाऱ्या दांड्याचा दाब आणि वेळ जरा चुकली तर जोड एकतर अर्धवट वितळतो किंवा जळून बाहेर फुगतो. या केसला एका कोपऱ्यात वेल्ड धरलेलंच नव्हतं, पातळ पातं सरळ आत गेलं. तडा तिथूनच निघाला होता. जानेवारीतल्या त्या चोराला फार कष्ट पडले नसावेत, असं वाटून गेलं.

आतलं पाकीट वेगळ्या, मऊ फिल्मचं. पाकिटातून दोन पांढरे कागद निघाले, मुखपृष्ठाच्या आणि मागच्या पानाच्या आत घालतात ते. जुना कागद जो आम्लाचा वायू सोडतो तो हे शोषून घेतात. हा विचार चांगला आहे, आणि नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत नसतो. पीव्हीसीच्या पिशवीत तर उलटा प्रकार, तीच वायू सोडते आणि चिकट होते.

मग रिकामा अर्धा भाग लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यापुढे धरला आणि पोलराइज्ड गॉगल लावला. पडद्याचा प्रकाश ध्रुवित असतो, त्यामुळे प्लास्टिकमध्ये गोठून राहिलेला ताण रंगांत दिसतो. गेटपाशी आणि चारही खुंट्यांपाशी रंगांची दाटी. साचा लवकर उघडला, भाग गरम असतानाच ढकलला, तर हे होतं. सायकल टाइम वाचतो आणि तडे नंतर गिऱ्हाइकाकडे पडतात. धूळ आणि तंतूंचं कारणही तेच घाईचं. साच्यातून निघालेलं प्लास्टिक स्थिर विजेनं भारलेलं असतं, केस-कापूस ओढून घेतं. आयनवाला ब्लोअर फिरवला की सुटतं. प्रत्येक बऱ्या प्लांटमध्ये हा ब्लोअर असतो.

हिला गॉगल दिला. म्हणाली, "छान दिसतंय, अशीच भिंतीला लावूया."

गुरुवार, ४ एप्रिल

हल्क काल परतला. कडी गेली. बर नाही, ओरखडा नाही. आणि अंक पाकिटात खाली सरकलेला, वर बोटभर पट्टी रिकामी. कानाशी हलवला. हलतो.

पुन्हा पाठवायचा म्हणजे पुन्हा ट्रक, पुन्हा हिसके. केसची दुरुस्ती करायची तर दरवेळी आतल्या पन्नास वर्षांच्या कागदालाच प्रवास करावा लागतो. मोटार दुरुस्तीला न्यावी तर चालेल, हा पेशंट आहे.

आजच बातमी: 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, जून १९३८, सुपरमॅनचा जन्म, तेव्हाची किंमत १० सेंट, ८.५ ग्रेडची प्रत लिलावात ६० लाख डॉलरला गेली. कॉमिकला एप्रिल २०२४ पर्यंत मिळालेली सर्वांत मोठी रक्कम. तीसुद्धा प्लास्टिकच्याच केसमध्ये.

शुक्रवार, ५ एप्रिल

सकाळी साडेदहाच्या आत घर हललं. आधी वाटलं मोठा ट्रक गेला, मग कपाटातल्या बश्या वाजल्या. न्यू जर्सीत भूकंप! ४.८ रिश्टर, केंद्र इथून फार लांब नाही, ट्यूक्सबरीच्या बाजूला. कोयनेच्या वेळच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे किरकोळ, पण शेजारी अंगणात येऊन उभे राहिले.

पहिला फोन मुलीचा, दुसरा कॉमिक्सच्या दुकानदाराचा. "तुझा हल्क कसा आहे?" मी सांगितलं, केस फळीवर उभ्या आहेत, एकीला एक टेकून, मध्ये फोमच्या पट्ट्या. काही झालं नाही. आडव्या एकावर एक रचल्या असत्या तर खालच्यांवर भार आला असता, तो मला नको असतो. एकाच आठवड्यात ट्रक आणि भूकंप, आणि ट्रकचा धक्का नक्की जास्त.

मंगळवार, ९ एप्रिल

पाडवा. गुढी मागच्या डेकवर.

सांगलीहून मागच्या खेपेला आणलेली इंद्रजाल कॉमिक्सची पेटी खाली काढली. टाइम्सवाल्यांनी १९६४ च्या मार्चमध्ये सुरू केलेली, आमच्या घरी मराठी यायची. वेताळ, मॅन्ड्रेक, नंतर आबिद सुरतींचा बहादूर. पिना गंजलेल्या, दोन अंकांना कसर लागलेली, एकावर थोरल्या भावाचं नाव शाईनं. ग्रेड लावला तर हाती फारसं काही लागणार नाही, आणि नावामुळे आणखी कापला जाईल.

या पेटीतलं काहीही केसमध्ये जाणार नाही. पॉलिएस्टरच्या, म्हणजे मायलरच्या पिशव्या, पाठीशी आम्लरहित पुठ्ठा, उभे ठेवायचे, अंधार, खोली थंड आणि आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास. ग्रंथालयं जुना कागद असाच ठेवतात. आणि हवं तेव्हा काढून वाचता येतं. आईला आज फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "हां, आता कसं."

हल्क विकायचा झाला तर केस लागेल, म्हणून राहू दे. बाकी निर्णय झाला. कंपनीला आज शेवटचं पत्र टाकलं, त्यात मागणी तीनच गोष्टींची. लेबलावर जसा प्रतीचा आकडा छापता, तसा बारीक अक्षरात साच्याचा आणि तपासणाऱ्याचा क्रमांक छापा, म्हणजे दोष कुठल्या यंत्रावर आणि कुणाच्या पाळीत आला ते शोधता येईल. केस बंद झाल्यावर अंक हलतो का ते बघितल्याशिवाय माल बाहेर सोडू नका. आणि चालणाऱ्या, न चालणाऱ्या केसचे नमुने गिऱ्हाइकाला दिसतील असे मांडा.

ज्यांच्याकडे अशा केस येतात त्यांनी त्या पोचल्या दिवशीच खिडकीशी धराव्यात, कानाशी हळूच हलवून बघाव्यात, खोकं उघडतानाचं चित्रण करावं आणि दोष असेल तर त्याच आठवड्यात लेखी कळवावं. तोंडी सांगितलेली तक्रार कुठल्याच कारखान्यात मोजली जात नाही. उत्तर येईपर्यंत माझ्याकडून तिकडे एकही नवा अंक जाणार नाही.